झीनाच्या आईची ओवी

"अजून तिचाच आवाज वाटतोय," विनय सर मागून म्हणाले. "ओळखू येणार नाही असं पाहिजे, वर्षा."

"मग काय करू? म्हातारा बुवा करून ठेवू का तिचा?"

ते हसले नाहीत. समोर स्क्रीनवर झीनाची फाइल उघडी होती आणि मी तिचा आवाज पुसत होते. पुसायचा म्हणजे उडवायचा नाही. गोष्ट नीट ऐकू यायला हवी, सांगणारी कोण ते कळायला नको. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की डोकं फिरतं.

मी साउंड एडिटर आहे. वर्तकनगरला आमचा छोटा स्टुडिओ आहे. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. डॉक्टरांचं ड्रिल सुरू झालं की आमचं रेकॉर्डिंग बंद, म्हणून आम्ही जास्त करून बाहेरून आलेली एडिटिंगची कामं घेतो. जाहिराती, शाळांचे धडे, गणपतीतली निवेदनं, जयंतीची गाणी. स्टुडिओ विनय सरांचा. हे काम मात्र सॅमसन सरांनी आणलं. ते कल्याणचे, मूळ नगरकडचे मराठी ख्रिस्ती, निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं असं, की आपण चूक केली तरी आपल्याला आधी बसायला खुर्ची देतील. फ्रान्समधल्या एका मिशनच्या ऑडिओ कामाचं कोऑर्डिनेशन ते बघत.

ते मिशन काम करायचं बर्बर लोकांमध्ये. उत्तर आफ्रिकेतल्या डोंगरांतून पोटासाठी फ्रान्सच्या शहरांत आलेली ही कुटुंबं. धर्माने मुसलमान. त्यातलं एखादं माणूस ख्रिस्ताकडे वळतं, तेही बहुतेक गुपचूप. पहिल्या मीटिंगमध्ये 'बर्बर' ऐकून विनय सरांनी भुवया उंचावल्या होत्या. सॅमसन सर म्हणाले, "हे नाव त्यांना बाहेरच्यांनी ठेवलं. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. स्वतंत्र माणसं." मी नुसती मान हलवली. बाहेरच्यांनी ठेवलेली नावं काय असतात, ते आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यांच्यातल्या कितीतरी बायकांना आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून मिशनने ऐकायचा कार्यक्रम काढला. बायबलमधल्या गोष्टी, घरात बसून सांगाव्यात तशा. आणि त्या सांगायची झीना.

झीना हे तिचं नाव नाही. खरं नाव मला आजही माहीत नाही. ती एका शाळेच्या कँटीनमध्ये भांडी घासायची आणि सुट्टीच्या दिवशी मिशनच्या पास्टरांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग करायची. पास्टर आणि त्यांची बायको दोघंही तिच्याच भाषेतले, पण दुसऱ्या खोऱ्यातले. झीना ख्रिस्ती झाली हे त्या दोघांशिवाय फार थोड्यांना माहीत होतं. तिची आई तिकडे डोंगरातल्या गावात, भावाकडे राहायची. दर शुक्रवारी आईचा फोन. भावाने एकदा गावातल्या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताना सांगून ठेवलं होतं, की आपल्या घरात असं झालं तर ते माणूस मेलं असं समजायचं. झीनाला भावाची पर्वा नव्हती. तिला तो शुक्रवार हवा होता. आमचं सगळं काम त्या शुक्रवारासाठी होतं असं म्हटलं तरी चालेल.

आवाज बदलायचा तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पिच म्हणजे आवाजाची उंची, ती कोणालाही कळते. दुसरा फॉर्मंट. तेच पाणी कळशीत ओतलं तर एक आवाज येतो, तांब्यात ओतलं तर वेगळा. पाणी तेच, भांडं वेगळं. माणसाचा गळा, तोंड, नाक हे त्याचं भांडं. नुसती पिच खाली आणली तर माणूस सर्दी झाल्यासारखा वाटतो, पण घरचे ओळखतात. भांडं बदलावं लागतं.

मी ते बदललं. त्या दिवशी विनय सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हां. आता ही कोणीतरी दुसरीच."

मला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. पास्टर इंग्रजीत खुणा करून स्क्रिप्ट पाठवायचे आणि मी श्वासावरून वाक्य कापायचे. हळूहळू एखादा शब्द कानाला ओळखीचा झाला. 'यम्मा' म्हणजे आई. झीनाच्या गोष्टीत तो फार यायचा. तिचं रेकॉर्डिंग नेहमी एका बाजूला कलतं यायचं आणि मला ते सरळ करावं लागायचं. एकदा वैतागून मी पास्टरांना विचारलं, की त्या माइकसमोर नीट का बसत नाहीत? ते म्हणाले, तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, लहानपणापासून, म्हणून ती डावा कान पुढे करून बसते. त्यानंतर मी तक्रार केली नाही.

मग ती पिठाची गोष्ट आली.

बायबलमध्ये एक छोटा दाखला आहे. एक बाई पिठात जरासं खमीर मिसळते आणि सगळं पीठ फुगून येतं. देवाचं राज्य तसं असतं, असा त्याचा अर्थ सॅमसन सरांनी मला सांगितला. झीनाने ती गोष्ट सांगताना मध्येच थांबून एक गाणं म्हटलं. तिची आई हाताच्या जात्यावर जव दळताना म्हणायची ते. दोनच ओळी. तिसरीला अडखळली, हसली, पुढे गोष्ट सांगायला लागली.

मी हातातलं काम थांबवून ते पुन्हा ऐकलं. माझी आई कल्याणजवळ मोहन्याच्या चाळीत आजही मिक्सर लावून वाटण करते आणि त्या घरघरीत ओव्या म्हणते. चाल निराळी, पण ओळ संपवताना आवाज जो खाली सोडून देतात ना, तो तसाच होता.

अडचण अशी, की गाण्याला भांडं बदलता येत नाही. बोलण्यात खपतं. गाण्यात आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मी नमुना पाठवला. झीनाचा निरोप आला: असं मोडकं नको, त्यापेक्षा काढून टाका.

व्हिडिओ कॉल झाला. पास्टर, त्यांची बायको, सॅमसन सर, विनय सर आणि मी. झीना कॅमेऱ्याबाहेर बसली होती.

पास्टर म्हणाले, "गाणं काढलं तर गोष्टीत जीव राहत नाही. बायका ऐकतील त्या गाण्यासाठीच."

"मग दुसऱ्या कोणी म्हटलं तर?" सॅमसन सरांनी विचारलं. "तुमच्या पत्नी म्हणतील का?"

पास्टरांची बायको तयार झाली.

मी विचारलं, "पण गाण्यावरून कोणी ओळखेल का? कोणाचं नाव आहे का त्यात?"

पास्टरांनी त्या दोन ओळींचा अर्थ सांगितला. जात्या, हळू फिर. लेकीचा कान दुखतोय. अंजिराचं पान गरम करून बांधलंय. ती झोपली की तुला पोटभर दाणे घालीन. नाव कोणाचंच नव्हतं. झीना बाजूने काहीतरी म्हणाली. पास्टरांनी सांगितलं, "ती म्हणते, आमच्या खोऱ्यात सगळ्याच बायका जात्यावर गातात. हे सगळ्यांचंच आहे."

विनय सरांनी मात्र खोडा घातला. "एक सांगू? आमच्या डोंबिवलीत कोणाचा साखरपुडा मोडला तर तो चिपळूणला आधी कळतो. हे फिरत फिरत गावाला जाणार."

"जाऊ दे की," सॅमसन सर म्हणाले. "आवाज तिचा नाही, गाणं सगळ्यांचं. गावाला काय कळणार?"

गाणं ठेवायचं ठरलं.  त्या रविवारी मोहन्याला गेले तेव्हा मी आईला सहज विचारलं, तुझी ओवी दुसऱ्या कोणी म्हटली तर कोणी ओळखेल का, ही अमकीची म्हणून?

"ओवी काय कुनाच्या मालकीची असती व्हय?" आई म्हणाली. "आमी म्हनायचो, कुनी शिकावलं ते कुनाला ठावं. धम्म घेतला तवा बायांनी त्याच ओव्यांतून देव काढलं, बुद्ध घातला. चाल तीच. इचारलं का कुनाला?"

मी निश्चिंत झाले. मी, सॅमसन सर, आम्ही जात्यावरच्या ओव्या ऐकून वाढलेली माणसं. आम्हाला खात्री होती. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही.

तिसरी ओळ झीनाला आठवत नव्हती. म्हणून पुढच्या शुक्रवारी आईचा फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर टाकला आणि पास्टरांच्या बायकोने शेजारून रेकॉर्ड केला. आई, ते दळणाचं गाणं म्हण ना, मी विसरले. आईने म्हटलं. आपलं गाणं रेकॉर्ड होतंय हे तिला सांगितलं नव्हतं. ती क्लिप माझ्याकडे आली, कारण फोनच्या खरखरीत शब्द कळत नव्हते आणि पास्टरांच्या बायकोला ते ऐकून शिकायचं होतं.

खरखर काढायची पद्धत अशी. रेकॉर्डिंगमध्ये कोणी बोलत नाही असा तुकडा शोधायचा. तो नुसत्या खोलीचा आवाज. तो वेगळा कापून मशीनला द्यायचा, म्हणजे मशीन समजतं की हा कचरा, आणि तेवढा सगळीकडून वजा करतं. आई गायला सुरुवात करण्याआधी असा तुकडा होता. मी तो कापला, सेव्ह केला, क्लिप साफ केली.

साफ झाल्यावर म्हातारीचा आवाज समोर आला. पातळ, जरासा चिरलेला, ओळ संपताना खाली सोडून दिलेला. मध्ये एकदा ती थांबून काहीतरी बोलली आणि झीना हसली. मला ते हसणं ऐकायला आवडलं. खरंच आवडलं.

पास्टरांच्या बायकोने छान म्हटलं. मी ते झीनाच्या गोष्टीत बसवलं. एपिसोड गेला. मग नियमाप्रमाणे सगळ्या मूळ फाइल पुसल्या. हा नियम मिशनचा, आणि चांगला नियम आहे. ज्याचा आवाज लपवायचा त्याचा खरा आवाज कोणत्याही मशीनवर राहता कामा नये. माझ्याकडून पुसला, पास्टरांकडून पुसला. झीना चुलतभावाच्या कुटुंबासोबत राहायची, तिचा फोन कोणीही हातात घ्यायचं, त्यामुळे तिने तर काही ठेवलंच नव्हतं. सॅमसन सरांनी मला विचारून खात्री केली. मी म्हटलं, "सगळं साफ आहे, सर."

पिठाची गोष्ट खूप फिरली. पास्टर आनंदाने कळवायचे, की कोणकोणत्या गावांतल्या बायका निरोप पाठवतायत. कोणीतरी गोष्ट कापून नुसतं गाणंच पुढे पाठवायला लागलं होतं. विनय सर म्हणाले, "हिट झालं म्हणजे." त्यांनी स्टुडिओत सगळ्यांना वडापाव आणले.

मग काही दिवस पास्टरांकडून काहीच आलं नाही. नवीन रेकॉर्डिंग नाही, मेलला उत्तर नाही. एके दुपारी सॅमसन सर न कळवता स्टुडिओत आले. खाली ड्रिल चालू होतं. ड्रिल थांबल्यावरच ते बोलले.

"तिच्या आईने ऐकलं," ते म्हणाले.

शेजारच्या मुलीच्या फोनवर गाणं आलं होतं. तिने म्हातारीला हौसेने ऐकवलं, की बघ, तुझ्यासारखंच कोणी गातंय. म्हातारीने पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, याच्या पुढेमागे काय आहे? मुलीने शोधून आख्खा एपिसोड लावला. म्हातारीने तो बसून सगळा ऐकला.

शुक्रवारी फोन आला. झीनाने तो घेतला. आईने आधी तब्येत विचारली, कँटीनचं विचारलं. मग म्हणाली, "माझं गाणं तू कोणाला दिलंस?"

झीना म्हणाली, ते तर सगळ्यांचं आहे.

"नाही," आई म्हणाली. "तू सव्वा वर्षाची होतीस. तुझा कान फुटला होता. तू रडायचीस आणि घरात पीठ नव्हतं, दळायला तर लागायचं. जात्याच्या आवाजाने तू जास्त रडायचीस. तेव्हा मी ते केलं. तुझ्यासाठी केलं. तू बरी झाल्यावरही म्हणत राहिले, सवयीने. दुसऱ्या कोणाला ते येत नाही. त्या दिवशी तू मागितलंस, मला वाटलं तुला घरची आठवण आली."

 तो कान. मी त्या कानामुळे महिनोन्‌महिने आवाज सरळ करत होते. पास्टर तर तो कान दर रेकॉर्डिंगला समोर बघत होते. गाण्यात स्वच्छ म्हटलं होतं, लेकीचा कान दुखतोय, आणि आम्ही त्यात नाव आहे का ते शोधत होतो. झीनालाही कळलं नव्हतं. तिला वाटायचं, गाण्यातली लेक ही कोणीतरी गाण्यातलीच लेक.

"मग?" विनय सरांनी विचारलं.

"मग आईने विचारलं, ती गोष्ट सांगणारी तू आहेस का? झीनाला खोटं बोलता आलं नाही.  फोन भावाने घेतला. आता तो नंबर लागत नाही."

"आई स्वतःहून करेल की. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून."

"शुक्रवार येऊन गेले बरेच," सॅमसन सर म्हणाले.  "आम्ही तिला प्रार्थना देऊ शकतो, माणसं देऊ शकतो. आई कुठून देणार?"

 मला आमचं आठवलं. आमच्या घरात धर्म बदलला तेव्हा आख्खी वस्ती गेली होती. आई, मावश्या, शेजारी, सगळे एकाच दिवशी. कोणाचं माहेर तुटलं नाही, कारण माहेरही सोबत आलं. ही बाई एकटी गेली होती. एकट्याने जाणं काय असतं, ते मला खरोखर माहीत नाही.

कार्यक्रम बंद झाला. एपिसोड काढून टाकला, पण फॉरवर्ड झालेलं परत येत नाही. गाणं अजून फिरतंय. पास्टरांच्या बायकोने गाणंच सोडलं असं कळलं.

आणि मग झीनाचा निरोप आला, पास्टरांमार्फत. पहिल्यांदाच थेट माझ्यासाठी. आईची ती क्लिप तुमच्याकडे आहे का? फोनवरची. माझ्याकडे आईचा आवाज नाही.

मी डिस्क धुंडाळली. बॅकअप धुंडाळला. पुसलेल्या फाइल परत काढायचं सॉफ्टवेअर असतं, ते विनय सरांनी स्वतः लावलं आणि एका जाहिरातवाल्या क्लायंटला परत पाठवलं, मशीन रिकामं नाही म्हणून. विनय सर क्लायंट परत पाठवणारा माणूस नव्हे. काही निघालं नाही. मी काम नीट केलं होतं. माझ्या नोकरीत नीट काम केल्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

एक फाइल तेवढी निघाली. खरखर काढण्यासाठी कापलेला तो तुकडा. त्यात कोणाचा आवाज नाही म्हणून तो पुसायच्या फाइलमध्ये धरलाच नव्हता. मी हेडफोन लावून ऐकला. दूर कोंबडी, एक दार, काहीतरी भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज. आणि अगदी शेवटी एक श्वास. म्हातारीने गाण्यासाठी घेतलेला. तिथे मी कापलं होतं, बरोबर तिथे. पुढे आवाज सुरू होतो म्हणून.

"हे पाठवू का?" मी सॅमसन सरांना फोन करून विचारलं. "यात काही नाहीये, सर. हे पाठवणं बरं दिसेल का?"

ते म्हणाले, "पाठवा. काही नसण्यापेक्षा बरं."

मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पास्टरांचा मेल आला. झीनाने ऐकलं. म्हणते, हो, हीच ती फाइल, हे आमचंच घर. उरलेली पाठवा.

मी उत्तर लिहिलं की उरलेली नाही. त्यावर तिकडून काही आलं नाही.

नियम अजून तोच आहे, मूळ आवाज पुसायचे. मी तो पाळते, कारण तो बरोबर आहे. आता फक्त कोणी म्हटलं की हे गाणं सगळ्यांचं आहे, तर मी त्यांना आधी आईला विचारून यायला सांगते. लोक हसतात. विचारून येणारं अजून कोणी भेटलेलं नाही. मीही माझ्या आईला पुन्हा विचारलेलं नाही, की तिच्या ओव्यांतली एखादी तिने स्वतः केलेली आहे का.